चौथ्या मजल्यावरचा श्वास

…बघा की, खुशाल खाली बघा, जावईबापू. खाली बघू नका, वर बघा, देवाचं नाव घ्या — असलं सांगणारे वेगळे. मी नाही सांगणार. मी दिसतोय का? टॉवरच्या पायथ्याशी, केबिनच्या दारात, पिवळं हेल्मेट. शेंगदाण्याएवढा दिसत असेन — म्हणजे एरवी तुम्ही मला जेवढा समजता त्याहून थोडा मोठाच. बोला ना. वॉकीटॉकी छातीवरच आहे, बटण दाबायचं आणि बोलायचं, चार बोटांचं अंतर. पण त्याला एक हात सोडावा लागतो, आणि हात काही सुटत नाही. सुटत नाही ना? दुर्बिणीतून दिसतंय मला. शिडी अशी धरलीय जशी घोरपडीनं भिंत धरावी. लग्नात माझ्या पोरीचा हात धरला होतात तेव्हा एवढा जोर नव्हता — घामानं निसटत होता, सगळ्या मांडवानं पाहिलं.

बरं, आता अहो-जाहो पुरे. खाली तू जावई, वर कुणी कुणाचा जावई नाही. वर दोनच जाती — चढणारे आणि थिजणारे. आणि तू थिजलायस. त्यात लाजण्यासारखं काय आहे? आहे. लाजण्यासारखंच आहे. एवढी वर्षं माझ्या हाताखाली काढलीस, माझ्या घरात जेवलास, माझी पोरगी घेऊन गेलास, आणि चौथ्या मजल्यावर येऊन मांजराच्या पिल्लासारखा लोंबकळतोयस. लोखंडाची शिडी ती, कुणाची आई नाही, कवटाळू नकोस एवढी. तुझा बाप एकदा मला म्हणाला होता, मुकादम, एवढा आभाळाला भिडलेला टॉवर, वर आहे तरी काय? म्हटलं, हवा. तर हसला — हवा तर खालीही आहे की! आता साहेबांना ती मजल्या-मजल्यावर मोजायची असते, इथं वारा किती, तिथं ऊन किती, कुठला वायू कुठं किती, हे त्याला कोण समजावणार. पण शहाणा माणूस होता तुझा बाप. खालीच हवा आहे म्हणून खालीच राहिला. तू कशाला आलास?

राग येतोय का? येऊ दे. आला पाहिजे. शिकवलंय ना मी सगळ्यांना — थिजलेल्या माणसाशी गोड बोलायचं नाही. गोड बोललं की तो आणखी घट्ट धरतो, पदर धरल्यासारखा. त्याला शिव्या घालायच्या. त्याच्या बापावरून, बायकोवरून, त्याच्या मिशीवरून — काय सुचेल त्यावरून. कधी एकदा खाली जातो आणि ह्या म्हाताऱ्याचं थोबाड फोडतो, असं वाटलं पाहिजे त्याला. माणूस चिडला की बोटं सैल होतात आणि पाय आपोआप खालची पायरी शोधतो. असे कितीतरी उतरवलेत मी. एक तर उतरल्यावर खरंच मारायला धावला होता, मी त्याला मिठी मारली. पुढे तोच सगळ्यात चांगला चढणारा झाला. तर मार मला. ये खाली आणि मार. येतोस? नाही येत. तुझ्यात रागसुद्धा पुरेसा नाही. पोरगी म्हणते, बाबा, ते कधी आवाज चढवत नाहीत. म्हटलं, असेल तर चढवतील ना!

तू बोलत नाहीस म्हणून मला काही कळत नाही असं समजू नकोस. तुझ्या कानाशी नळीचं तोंड आहे ना — चौथ्या मजल्याची हवा ओढणारी नळी — तू श्वास सोडतोस तो सरळ तिच्यात जातो आणि इथं केबिनमधल्या यंत्रात येऊन पडतो. स्क्रीनवर चौथ्या मजल्याची रेघ बघतोय मी. एरवी कशी सरळ असते, आज नुसते डोंगर. वर-खाली, वर-खाली. धापा टाकतोयस कुत्र्यासारखा. साहेब जेवून आले की विचारतील, मुकादम, चौथ्यावर एवढा कार्बन कुठून आला? म्हणेन, काही नाही साहेब, आमचे जावई हवा खायला गेलेत. नळी लांब आहे, म्हणून जरा उशिरा येतं हे खाली. मी आत्ता बघतोय तो तुझा मघाचा श्वास. आत्ताचा अजून वाटेत आहे. विचित्रच असतं ते — माणूस तिकडे काय करतोय कुणास ठाऊक, आणि त्याचा श्वास सावकाश नळीतून उतरतोय. त्या दिवशी तर — जाऊ दे.

नाही, पोरांकडे बघू नकोस, पोरं नाहीत इथं. दोघं होते मघाशी, पट्टे चढवून तयार, म्हणत होते, मुकादम, आम्ही वर जाऊन आणतो त्यांना. मी म्हटलं, फाटकावर जा, गाडी यायचीय सामानाची, ती उतरवून घ्या. कसली गाडी? असेल कुठली तरी. तू तुझं बघ.

धाकट्याला, तुझ्या मेहुण्याला, मी कसं शिकवलं, सांगितलंय का तुला कुणी? तुझ्या बायकोनं सांगितलं असेल, पण ती आईवर गेलीय, रडतच सांगते. मी सांगतो नीट. कॉलेज सोडून आला होता, अंगात रग, बाबा मला पण चढायचंय. चढ म्हटलं. दुसऱ्या मजल्यावर थिजला. दुसऱ्या! तिथून तर खाली पडलेली सुई दिसते. वरून म्हणतो, बाबा, हात सुटत नाहीत. म्हटलं, मग राहा तिथंच, आणि खाली सगळ्यांना म्हटलं, चला रे, चहाला. गेलो आम्ही. ते बिचकत होते, मागं वळून बघत होते, मी कुणाला वळू दिलं नाही. आरामात चहा घेतला, गप्पा मारल्या. परत आलो तर हा उतरून उभा. पँट ओली. मी सगळ्यांसमोर विचारलं, काय रे, इकडे पाऊस पडून गेला वाटतं? पोट धरधरून हसले सगळे. बस, एक दिवस. पुन्हा कधी थिजला नाही तो. म्हणजे माझ्यासमोर तरी नाही. तुझ्या लग्नात मी पंगतीत तो किस्सा सांगितला होता, आठवतं? तोही हसला होता. सगळ्यात जास्त तोच हसला. ताटाकडे बघून हसत होता, पण हसत होता. ह्याला म्हणतात शिकवणं. एका दिवसात भीती काढली मी त्याची.

मग त्या दिवशी का थिजला? सांग ना. तू होतास खाली.

वारा वाढतोय. तुला नाही कळणार अजून, पाचव्या मजल्यावर आधी कळतं. इथं दिसतंय मला, पाचव्याची रेघ चढायला लागलीय. येईल तुझ्यापर्यंत. म्हणून म्हणतो, वेळ आहे तोवर बोलून टाक. मी काय विचारतोय ते ठाऊक आहे तुला. चौकशीच्या खोलीत विचारलं, घरी जेवताना विचारलं, पोरीकरवी विचारलं. तुझं आपलं एकच — चुकून झालं. चुकून कसं होतं रे? आपले सगळे सेट कायम दोन नंबरच्या चॅनलवर. वरचा, खालचा, माझ्या गाडीतला, सगळे दोनवर. त्या दिवशी मी गावात गेलो होतो तारेचे क्लॅम्प आणायला, गाडीतला सेट चालू होता, येताना पूर्ण रस्ताभर चालू होता, आणि त्यातून एक अवाक्षर आलं नाही. खरखरसुद्धा नाही. का? कारण धाकट्याच्या छातीवरचा सेट सहावर होता. मी स्वतः काढला तो त्याच्या अंगावरून. आणि तुझ्या हातातलाही सहावर. दोघांचे, एकाच वेळी, चुकून? बटणाला बोट लागलं? दोन माणसांची दोन बोटं, एक वर, एक खाली, एका वेळी लागली?

मी सांगतो काय झालं. तू गोड बोललास. पोरांनी ऐकलंय, तू दोर आणायला पाठवेपर्यंत ते तुझ्या शेजारीच उभे होते. बस तिथंच, काही घाई नाही, मी आहे, डोळे मीट हवं तर. गोष्ट पण सांगत होतास म्हणे त्याला कसलीशी. माझ्या पोराला! तुला माहीत होतं मी ऐकलं तर तुझी चामडी लोळवीन, म्हणून तू चॅनल बदललंस, त्यालाही बदलायला लावलंस. मी ऐकलं असतं तर तिथूनच, गाडीतूनच अशी शिवी हासडली असती की तडक खाली आला असता. माझा आवाज पोचला असता तर आज तो असता. हे एवढंच कबूल कर. एवढ्यासाठी तर तुला —

डोळे वर का गेले? वारा मोजायच्या वाट्या आठवल्या? अडकल्यात म्हणून तर पाठवलं, हो. बघ ना डोकं वर करून, तुझ्या डोक्याच्या वरच आहेत त्या आडव्या दांड्यावर. फिरताहेत. सकाळपासून फिरताहेत, छान रेघ येतेय त्यांची इथं.

हं.

कळलं आता? बरं झालं. कुणाला तरी वर पाठवायचंच होतं, तुला पाठवलं. त्याच मजल्यावर, त्याच शिडीला. तो गेल्यापासून तू वर गेला नव्हतास, कधी पाठ दुखते, कधी डोकं दुखतं, मला काय कळत नव्हतं? चढलास की थिजणार, हे ठाऊक होतं मला. डोळे मोठे करू नकोस, दुर्बीण आहे माझ्याकडे. थोबाड फोडायचंय ना आता? मग ये. आता तरी ये.

नाही? एवढं ऐकूनही नाही? कसला माणूस आहेस तू? ठीक आहे. मग मी आता शिवी देणार नाही. एकही नाही. तुझीच पद्धत वापरतो, बघू ती कशी काय लागू पडते. बस हं तिथंच, राजा. काही घाई नाही. मी आहे खाली. कुठं जात नाही मी. डोळे मिटायचेत? मीट. श्वास घे. घे अजून एक. वाऱ्याकडे लक्ष देऊ नकोस, वारा काय, येतो आणि जातो. शिडी घट्ट आहे, शिडी कुठं पळत नाही. पट्टा लावलेला आहे, दोन्ही हुक अडकलेले आहेत, मला दिसताहेत इथून. हात दमले असतील ना? दमणारच. हातांना काही सांगू नकोस, राहू देत. असंच म्हणाला होतास ना त्याला? असंच, ह्याच आवाजात? बस हं, बाळा. संध्याकाळपर्यंत बस. अंधार झाला तरी बस. कुणी येणार नाही, पण मी बोलत राहीन असाच, गोड, गोड —

थांब. हे काय?

रेघ का उतरतेय? चौथ्याची. डोंगर बसके झालेत. श्वास संथ झालाय तुझा. मी थट्टा करतोय, गाढवा! मी काही खरं नाही बोलत! आणि तू शांत होतोयस? काय ऐकतोयस तू? शब्दांवर विश्वास ठेवतोयस माझ्या?

त्याचीही अशीच होती. साहेबांनी दाखवली होती मला, त्या दिवसाची रेघ. साहेबांनी तो तुकडा लाल खूण करून बाजूला काढलाय, माणसाच्या श्वासानं माप बिघडतं म्हणून, हवेत धरत नाहीत तो. आधी डोंगर, मग बसके, मग जवळजवळ सपाट. साहेब म्हणाले, मुकादम, तो शांत झाला होता बघा. मी म्हटलं, शांत कसला, दमला होता. आणि मग सपाट असतानाच एकदम एक सुळका. एकच. त्याच्यानंतर आपली वरची मोकळी हवा, सरळ. नळी लांब आहे, म्हणून तो खाली येऊन पडला त्याच्यानंतर तो सुळका आलाय यंत्रात. मी पोचलो तेव्हा तो इथं जमिनीवर होता आणि त्याचा श्वास वर नळीत होता, येत होता हळूहळू. तो सुळका कसला? शांत झाला होता तर एकदम काय झालं? मी सांगतो, तू काहीतरी बोललास, तू त्याला घाबरवलंस, तू —

हात हलतोय तुझा. करंगळी सुटली. दोन बोटं. हां. सावकाश… नाही, शिवी नाही देत, सावकाश. बटण खाली आहे. आणखी खाली. दाब.

…काय? वाऱ्यानं तुटतंय, परत बोल.

त्यानं? त्यानं सांगितलं चॅनल बदलायला? का?

"दाजी, सहावर या, बाबा ऐकतील." असं म्हणाला? तेव्हा मी दुकानात असणार, गाडीत नव्हतो.

…हं.

पुढे. पुढे बोल, थांबू नकोस. शांत झाला होता ते ठाऊक आहे मला, रेघच आहे तशी. तू वर चढायला लागला होतास त्याला आणायला, तेही ठाऊक आहे. दुसऱ्या मजल्यापर्यंत आला होतास. मग? तो सुळका कसला?

गाडी? कुठली गाडी?

…माझी.

वरून रस्ता दिसतो, हो. दिसतो. पार त्या वळणापर्यंत दिसतो. धूळ दिसली असेल. मी जोरातच आणत होतो गाडी, मला काय माहीत. आणि काय म्हणाला? शब्द सांग. जसेच्या तसे सांग, तुझे घालू नकोस.

"बाबा आले. ते यायच्या आत उतरतो मी."

…

आणि तू म्हणालास, थांब.

आणि तो थांबला नाही. आणि हुक अडकल्याचं टक वाजायच्या आत त्यानं दुसरा सोडला. हं. हं. समजलं. परत सांगू नकोस.

खोटं आहे हे. खोटं बोलायला बरा हात सुटला तुझा! मग चौकशीत का नाही बोललास? मान खाली घालून उभा होतास, चुकून झालं, चुकून झालं. मी सगळ्यांसमोर तुला नालायक म्हटलं, तोंडावर म्हटलं की ह्यानं माझं पोर मारलं, आणि तू गप्प. पोरीला म्हटलं, ह्याला सोड आणि माघारी ये, ती रडत राहिली, तू शेजारी बसून गप्प. ती तुझ्याकडे बघायची आणि तू भिंतीकडे. कशासाठी? माझ्यासाठी? माझी दया आली तुला? तुला? तुझी दया मागितली होती कुणी? रोज माझ्या हाताखाली काम करत होतास, रोज माझं बोलणं खात होतास, आणि मनात म्हणत होतास, बिचारा म्हातारा! लाज नाही वाटली? एवढं सगळं पोटात घेऊन माझ्यासमोर बसून जेवत होतास? तू असशील गोड, मला नको होतं ते. एकदा बोलायचं होतंस. एकदा माझ्यासारखं बोलायचं होतंस माझ्याशी, तोंडावर फेकायचं होतंस —

काय करतोयस? कुणी सांगितलं उतरायला? बघ, नीट बघ, आधी खालचा हुक लाव. वाजलं? वाजलं असेल तरच वरचा सोड. हां. परत. नाही, येतंय तुला. येतंय. मला काही सांगायची गरज नाही.

तिथंच थांब जरा. तिसऱ्या मजल्याच्या फळीवर टेक आणि थांब, मी फाटकावरच्या पोरांना हाक मारतो, ती येतील वर तुझ्या सोबतीला. ती बघतील तुझ्याकडे. मी नाही बघणार. मी केबिनच्या मागं जाऊन बसतो, तिथून टॉवर दिसत नाही. आणि वरून तुलाही मी दिसणार नाही. मान वाकडी करून शोधू नकोस, कुणी नाही खाली, समज की मी गावात गेलोय. तू तुझा ये. खाली आलास की पट्टा जागच्या जागी टांग आणि सरळ घरी जा, मला तोंड दाखवू नकोस. पोरीला… पोरीला काय सांगायचं ते तुझं तू ठरव.

नाही. बोलू नकोस आता. बटण सोड, हात लागू दे शिडीला तुझा. ऐकायचं नाही मला काही.

सोड म्हटलं ना बटण. मी बंद करतोय.